तोंडातलं फिटिंग

आखाडातला शेवटचा रविवार. सकाळी सातला मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभा राहून नळ्या मागून घेतल्या होत्या, कारण आमच्या घरात नळीवरून भांडणं होतात. दुपारी पहिली नळी चोखून झाली, दुसरी जराशी उजव्या दाढेखाली धरली आणि आवाज आला. हाड फुटल्याचा नव्हता. लेथच्या चकची पकड ढिली पडल्यावर जॉब, म्हणजे त्यात धरलेला तुकडा, जसा 'खट्' करून निसटतो, तसा. ताटात बघतो तर तांबड्या रश्श्यात तीन दाढांचा अख्खा ब्रिज पालथा पडलेला.

मी तो उचलला, नळाखाली धुतला आणि खिडकीच्या उजेडात आतून बघायला लागलो. सवयच आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल आणि हप्त्यावर घेतलेलं एक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. तुटलेला पार्ट कुणी आणून दिला की आधी तो कुठून गेला ते बघायचं, मग बोलायचं. पुढच्या टोपीत थोडं सिमेंट शिल्लक होतं. मागच्या टोपीत मात्र काळा लगदा आणि असा वास, की बायको म्हणाली, "अहो, आधी ते बाहेर न्या बघू. पोरं जेवतायत."

हा ब्रिज १२ वर्षांपूर्वीचा. मधली दाढ आधीच काढलेली होती. तिच्या पुढची आणि मागची अशा दोन दाढा घासून खुंट्या केल्या आणि त्यावर तीन जोडटोप्या सिमेंटनं चिकटवल्या. दोन खांबांवर तुळई टाकावी तसं. ज्यांनी बसवला त्यांचं नाव घेत नाही, कारण निम्मा दोष माझा. मागच्या टोपीची कड दाताला नीट भिडली नव्हती, ही त्यांची चूक. नख फिरवलं तरी पायरी लागायची. पण १२ वर्षांत मी एकदाही दाखवायला गेलो नाही. मशीनला वेळच्या वेळी ग्रीस घालणारा माणूस मी, वर्कर विसरला तर त्याला झापणारा! त्या फटीतून अन्न आत जात राहिलं आणि टोपीखाली दाढ गुपचूप सडत राहिली. मज्जातंतू आधीच काढलेला, म्हणजे रूट कॅनाल झालेलं, त्यामुळं दुखायचंही काही कारण नव्हतं.

सोमवारी आमची सुट्टी. ब्रिज काडेपेटीत घालून राजारामपुरीत एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. शॉपमधल्या एका पोराच्या आईचे दात त्यांनी केले होते. वय फार तर पस्तीस. मला पहिल्या वाक्यापासून 'काका'. मी काडेपेटी उघडून टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "मॅडम, हा परत चिकटवून द्या, संपला विषय."

त्यांनी ब्रिजकडं बघितलंच नाही. तोंडात बघितलं. मग ओपीजी काढायला लावला. त्यात हनुवटी टेकवून उभं राहायचं आणि मशीन डोक्याभोवती फिरतं. सगळा जबडा उलगडून सपाट फोटोत येतो. तो स्क्रीनवर लावून त्या म्हणाल्या, "काका, टोपी चिकटवायला खाली दात पायजे की."

मागची दाढ हिरडीच्या खालपर्यंत, पार मुळं जिथं फुटतात तिथपर्यंत गेली होती. ती काढायचीच. पुढची, म्हणजे उपदाढ, वाचेल असं वाटत होतं. कशावरून, तर हिरडीच्या वर चहूबाजूंनी अंदाजे दोन मिलिमीटर निरोगी दात शिल्लक होता. मला हे पटेना. दोन मिलिमीटरवर काय उभं राहणार? तेव्हा त्यांनी विचारलं, "पटाशीच्या मुठीला टोकाला पितळी कडं कशाला असतं?"

मूठ चिरू नये म्हणून. हातोडा बसला की लाकूड फाकायला बघतं, कडं ते आवळून धरतं. टोपीचंही तसंच. तिची कड जिवंत दाताच्या त्या दोन मिलिमीटरला चहूबाजूंनी कवेत घेते, म्हणून चावताना मूळ उभं चिरत नाही. एवढी पट्टीसुद्धा नसेल, तर आत कितीही भारी खुंटी ठोका आणि वर कितीही महाग टोपी घाला, दात जातोच. हे ऐकल्यावर मी काडेपेटी खिशात घातली. माणूस आपल्या भाषेत बोलायला लागला की विश्वास बसतो.

आता प्रश्न होता मधल्या आणि मागच्या मोकळ्या जागेचा. मागचा खांबच पडला म्हटल्यावर परत ब्रिज टाकायचा कशावर? एक उपाय होता काढता-घालता येणाऱ्या दातांचा. तो आमच्या घरात चालणार नव्हता, कारण आईची कवळी. आईची वरची कवळी टाळूला चिकटून बसते. लाळेच्या पातळ थराची ओढ असते, शिवाय टाळूचा आधार मोठा. खालची मात्र घोड्याच्या नालासारखी; मधे जीभ, कडेला गाल, दोघेही तिला उठवायला टपलेले. त्यामुळं पाहुणे आले की आई दात घालते, आणि जेवायला बसली की काढून पाण्याच्या वाटीत ठेवते. "दात घालून जेवायचं कसं रे?" हा तिचा सवाल मी गेली आठ वर्षं ऐकतोय.

दुसरा उपाय इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. मॅडमनी कागदावर हिशेब लिहून दिला. उपदाढेचं रूट कॅनाल पुन्हा करायचं ४,५०० रुपये, त्यात फायबरची खुंटी आणि वर भराव २,५००, झिर्कोनियाची टोपी ९,०००. दोन इम्प्लांट वरच्या दातांसकट प्रत्येकी ३०,०००. त्रिमितीय स्कॅनचे २,५०० वेगळे. एकूण ७८,५००. माझ्या मेडिक्लेमच्या कागदात दातांचं नाव 'यातून वगळलेले'च्या यादीत.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, एवढ्यात जुनं ड्रिल मशीन येतंय की!" येतंय खरं. पण त्यानं मला नळी थोडीच फोडून मिळणार होती.

पैशांची तयारी झाली तरी काम लगेच सुरू होईना. मॅडमनी साखर तपासायला पाठवलं. मला मधुमेह आहे आणि गोळ्या मी घेतो, म्हणजे आठवण झाली की घेतो. एचबीए१सी आली ८.६. ही तपासणी फसवता येत नाही. उपाशीपोटीच्या साखरेला दोन दिवस पथ्य करून गंडवता येतं, पण ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढा काळ साखर तिला चिकटत राहते. मॅडम म्हणाल्या, साताच्या आसपास आणा, मग हाडाला हात लावू. साखर चढलेली असली की जखम भरत नाही, हिरड्या सुजतात. आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखरही आटोक्यात येत नाही.

आणि तंबाखू. शॉपमध्ये दुपारी चारला चहा झाला की डबी फिरते, हे मी लपवलं होतं. त्यांनी माझा खालचा ओठ खाली ओढला, आतली पांढुरकी, सुरकुतलेली जागा आरशात दाखवली आणि काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी वाद घातला असता. आरशाशी काय वाद घालणार? ती जागा दर भेटीला तपासायची असं ठरलं. डबी दुसऱ्या दिवशी फोरमनला देऊन टाकली. पहिले पंधरा दिवस मी कुणाशी नीट बोलत नव्हतो, असं पोरं सांगतात. खिशात बडीशेप ठेवायला लागलो. अजूनही चारला हात खिशात जातो.

मागची दाढ श्रावणात काढली. तसंही मटण बंद होतं. खालच्या जबड्याला सुई शेवटच्या दाढेच्या मागं, आत देतात. तिथं मुख्य नस हाडात शिरते, म्हणून एका सुईत अर्धा ओठ आणि हनुवटी बधिर. दाढ तीन तुकड्यांत निघाली. दुखलं नाही, फक्त कुरकुर आवाज थेट कानात येतो. दुखणं नंतर आलं, आणि तेही माझ्या कर्मानं. बधिरपणा उतरायच्या आत कटिंग चहा प्यालो आणि स्वतःचाच ओठ चावत बसलो. मला वाटलं कपाची कड आहे!

त्या आठवड्यात गरम नाही, तिखट नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. ओढलं की खड्ड्यातली रक्ताची गुठळी निसटते आणि हाड उघडं पडतं. ते दुखणं आधीच्या दुखण्याच्या चौपट, असं ऐकलं आणि मी मुकाट्यानं ऐकलं. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी आमटी-भात कुस्करून. एरवी संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध पिणारा माणूस मी, पण साखरेपायी आता अर्धाच पेला. तिथल्या गवळ्यानं विचारलं, "काय मालक, आजारी हाय काय?"

खड्डा भरायला तीन महिने आणि साखर उतरायलाही तीन महिने. दोन्ही एकदमच होणार होतं, म्हणून मधल्या काळात उपदाढेचं काम काढलं.

रूट कॅनालबद्दल लोक जे भीतीदायक सांगतात ते मला काही जाणवलं नाही. मला मजा आली. तोंडावर रबराचा पातळ पडदा ताणतात आणि त्याला पाडलेल्या भोकातून फक्त तो एक दात वर काढतात, म्हणजे थुंकी आत जात नाही आणि औषध घशात उतरत नाही. जुना गुलाबी भराव उकरून काढला. तो गुट्टापर्चाचा, झाडाच्या चिकापासून केलेला. मग बारीक फायली. त्यांचे रंग बघून मी विचारलं, तर मॅडमनी सांगितलं: पांढरी १५, पिवळी २०, लाल २५. आकडा म्हणजे टोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यात. लाल म्हणजे पाव मिलिमीटर. आमच्या ड्रिलच्या पेटीवर असते तशीच सरळ भाषा. खोली मोजायला एक छोटं यंत्र होतं. एक तार ओठाला, एक फायलीला, आणि फाइल मुळाच्या टोकाला पोचली की ते पीं-पीं करतं. आकडा आला साडेएकवीस मिलिमीटर. मग धुण्याच्या ब्लीचसारख्या वासाच्या पाण्यानं मूळ पुन्हा पुन्हा धुतलं. "घासण्यापेक्षा धुणं महत्त्वाचं," त्या म्हणाल्या. पहिल्या वेळी कुणीतरी तेच कमी केलं असावं; मुळाच्या टोकाशी हाडात एक काळा डाग होता. दुसऱ्या खेपेला मूळ भरलं, काचतंतूंची पांढरी खुंटी आत चिकटवली आणि तिच्याभोवती भराव रचून उपदाढेची घडण उभी केली. या भरावाला ते कोअर म्हणतात. आमच्या फौंड्रीत कोअर म्हणजे कास्टिंग पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा ठोकळा. इथं उलटं, पोकळी भरायला कोअर.

दिवाळीच्या फराळात मी फक्त चिवडा खाल्ला, तोही डावीकडून. तपासणीत एचबीए१सी ७.१. बायकोनं डॉक्टरांपेक्षा जास्त श्रेय घेतलं आणि ते तिचंच आहे.

तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी स्कॅन बघायला बसलो. ओपीजी सपाट, हा स्कॅन मात्र पाव कापल्यासारखा. जबड्याचा हवा तिथला काप उघडून मोजता येतो. मधली दाढ जाऊन जिथं १२ वर्षांवर झाली होती, तिथलं हाड रोडावलेलं. दात गेला की हाडाला काम उरत नाही आणि ते आटत जातं, पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त. तिथं रुंदी सहा मिलिमीटरच्या थोडी वर. मागच्या, ताज्या जागेत रुंदी भरपूर, पण खोलीचा प्रश्न. खालच्या जबड्याच्या आतून एका नळीतून नस जाते. वरच्या कडेपासून त्या नळीपर्यंत १२ मिलिमीटर. दोन मिलिमीटर अंतर राखायचंच, म्हणजे स्क्रू दहाचा. त्यापुढं गेलं आणि नस दुखावली, तर ओठ कायमचा बधिर राहू शकतो.

मी म्हणालो, "म्हणजे ब्लाइंड होल." आरपार न जाणाऱ्या भोकाला आम्ही तसं म्हणतो. मॅडमना शब्द आवडला.

ज्या दिवशी इम्प्लांट बसवले त्या दिवसाबद्दल मला खरं तर सगळ्यात जास्त सांगायचंय. मला हिरवं कापड पांघरलं होतं आणि डोळेही झाकले होते, पण कान उघडे होते, आणि मशीनच्या आवाजावरून फीड-स्पीड ओळखण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. दातावर चालतं ते किंचाळणारं, काही लाख फेऱ्यांवर पळणारं यंत्र इथं नव्हतं. ड्रिल संथ चाललं होतं, मिनिटाला आठशे-हजार फेऱ्या. सलाइनची धार सतत सुरू. ड्रिल आत, बाहेर, आत, बाहेर. आम्ही खोल भोक पाडताना बर, म्हणजे धातूचा कीस, काढायला करतो तसंच. आधी दोन मिलिमीटरचा, मग टप्प्याटप्प्यानं मोठे. मधे एकदा त्या थांबल्या, भोकात सरळ सळई ठेवली आणि एक्स-रे घेतला. दिशा बघितली, मग पुढं. आमच्याकडच्या नव्या पोरांना हेच शिकवताना माझा घसा बसतो.

पाणी कशाला, ते नंतर विचारलं. हाड जिवंत असतं. सुमारे ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी त्यातल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या हाडाशी स्क्रू जुळत नाही. ४७ अंश! आमच्या कूलंटचं तापमान मे महिन्यात त्याच्या आसपास असतं आणि आम्ही त्यालाच गार म्हणतो.

मग स्क्रू. टायटेनियमचा, एक सव्वाचार मिलिमीटर व्यासाचा आणि मागचा पाचचा. टायटेनियमशी माझी ओळख वाईट. एकदा एका पार्टीचा छोटा लॉट घेतला होता. त्या धातूत उष्णता पसरतच नाही, सगळी टूलच्या टोकाशी साठते. इन्सर्टच्या, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या तुकड्यांच्या, धारा उडाल्या आणि त्या ऑर्डरीत मी पदरचे घातले. तोच धातू हाडाशी मात्र मित्रासारखा वागतो. हे कळलं तेही अपघातानं. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रॉनेमार्क नावाचे डॉक्टर १९५२ साली सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी टायटेनियमचं नळकांडं हाडात बसवलेलं. काम झाल्यावर काढायला गेले तर निघेना, हाड त्याला घट्ट धरून बसलेलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, आणि त्या माणसानं ते पुढं ४० वर्षं वापरले. मॅडमनी हे टाके घालता घालता सांगितलं. गप्प बसलेला पेशंट त्यांनाही कंटाळवाणा होत असावा.

स्क्रू शेवटी रॅचेटच्या पान्यानं आवळला. टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, ३५. मी मनातल्या मनात दचकलो. आठ एमएमचा साधा बोल्ट आम्ही २५ न्यूटन मीटरला आवळतो, आणि इथं ३५? नंतर कळलं, ते न्यूटन सेंटिमीटर. म्हणजे आमच्या बोल्टच्या सत्तरावा हिस्सा. दोन बोटांचा जोर. तेवढ्यावर पुढं दाढ उभी राहणार, कारण पकड आट्यांची नसतेच. आट्यांनी फक्त सुरुवातीला हलू द्यायचं नाही. पकड नंतर हाडाची येते, आणि तिला तीन महिने लागतात. वर गोल टोप्या बसवून हिरडी त्यांच्याभोवती शिवून टाकली.

हे तीन महिने मला जड गेले. दुखत नव्हतं. गाल तीन दिवस सुजला, टाके दहाव्या दिवशी काढले, संपलं. पण बसवलेलं फिटिंग हात न लावता सोडून द्यायचं हे माझ्या स्वभावात नाही. जीभ सारखी तिकडं जायची.

एक प्रसंग तर सांगायलाच हवा. जानेवारीतला रविवार, संध्याकाळी रंकाळ्यावर बायकोबरोबर भेळ खात होतो. जिभेवर काहीतरी कडक आलं. थुंकायच्या आत हातावर घेतलं. चकचकीत बटणासारखी टोपी, खाली पाच-सहा आटे, वर बारीक षटकोनी खाच. मागच्या इम्प्लांटची टोपी सैल होऊन निघाली होती. माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? एवढ्या साइझची ॲलन की शॉपमध्ये आहे. आरसा आहे, टॉर्च आहे. पाच मिनिटांचं काम.

बायकोनं माझा चेहरा बघितला आणि सरळ मॅडमना फोन लावला. फोनवरून आलेलं पहिलं वाक्य: "काकांना सांगा, हात लावायचा नाही." मग मला म्हणाल्या, "काका, ती गिळली असती तर पोटातून गेली असती, श्वासनळीत गेली असती तर? डबीत ठेवा आणि सकाळी नवाला या. उशीर केला तर हिरडी वरून मिटते, मग परत सुई." मी आठ पन्नासला दारात होतो. तोपर्यंत हिरडी कडेनं आत सरकायला लागलीच होती. त्यांनी आत धुतलं, टोपी निर्जंतुक करून बसवली आणि बोटांनी फिरवायच्या छोट्या पान्यानं आवळली. अगदी हळू.

फाल्गुनात माप घेतलं. पूर्वीच्या ब्रिजच्या वेळी ट्रेमध्ये गुलाबी पेस्ट भरून तोंडात दाबली होती आणि मला उलटी आवरेना. आता पेनासारखा स्कॅनर. तोंडात फिरवला की स्क्रीनवर जबडा उमटत जातो. मग रंग. पट्टीला ओळीनं लावलेले नमुन्याचे दात घेऊन त्या मला खिडकीपाशी घेऊन गेल्या, ट्यूबलाइट बंद केली आणि एकेक नमुना दाताशेजारी धरला. ए३ जुळला. मी म्हणालो, जरा पांढरा द्या की. तर म्हणाल्या, "मग बाकीचे सगळे पिवळे दिसतील." चहा-तंबाखूच्या तीस वर्षांचा रंग, निमूटपणे मान्य केला.

झिर्कोनियाची टोपी कशी करतात ते मी लॅबमध्ये फोनवर विचारून घेतलं, कारण राहवेना. खडूसारख्या मऊ पांढऱ्या चकतीतून मशीन ती कोरतं, पण खऱ्या मापापेक्षा वीस-पंचवीस टक्के मोठी. मग दीड हजार अंशांच्या आसपास भट्टीत भाजली की आकसून बरोबर मापाला येते. आमचे पॅटर्नवाले बिडाच्या कास्टिंगला एक टक्का आकुंचन धरतात, तरी कधी कधी चुकतं. वीस टक्के आकसून मायक्रॉनमध्ये बसणारं काम बघून माझी टोपी उडाली, म्हणजे डोक्यावरची.

शेवटची बैठक दोन तासांची झाली. उपदाढेची टोपी सिमेंटनं. इम्प्लांटवरचे दोन दात मात्र चिकटवले नाहीत, वरून स्क्रूनं आवळले. पानाच भारी, ठरल्या टॉर्कला खटकन सुटतो. वरचं भोक बुजवायला त्यांनी आधी पांढरी पट्टी गुंडाळून आत दाबली. मी तोंड उघडं ठेवूनच 'आं? आं?' केलं. ती टेफ्लॉन टेप होती. नळाच्या आट्यावर गुंडाळतो तीच. तिच्यावर दाताच्या रंगाचा भराव. कधी सैल झालं तर भराव काढायचा, टेप उचकटायची, स्क्रू आवळायचा. सर्व्हिसिंगला उघडता येणारं काम मला नेहमीच आवडत आलंय.

आणि मग निळा कागद. दातांत धरून चावायचं, जिथं निळा ठिपका गडद उमटेल तिथं लागतंय. आम्ही मशीनच्या बेडवर ब्लू, म्हणजे निळा रंग, मारून उंचवटे शोधतो आणि स्क्रेपरनं खरवडतो, हे शब्दशः तेच. चावा, उजवीकडं सरका, परत चावा. उपदाढेवर ठिपका बरोबर आला की त्या थांबल्या. इम्प्लांटवरच्या दातांवर मात्र आणखी घासत राहिल्या, अगदी पुसट ठिपका उरेपर्यंत. मी म्हणालो, एवढं कमी का, मग चावणार कसं?

खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची गादी असते. दात तिच्यावर किंचित दबतो, आणि जोर किती पडला ते तिच्यामुळंच कळतं. भातातला बारीकसा खडा, केसापेक्षा पातळ कणसुद्धा लागतो तो त्या गादीमुळं. इम्प्लांटला गादी नाही. तो हाडाला थेट जखडलेला, दबतही नाही आणि सांगतही नाही. म्हणून हलकं चावल्यावर तो जेमतेम टेकायला हवा. जोरात चावल्यावर बाकीचे दबले की मग त्याच्यावर भार येतो.

हे ऐकलं तेव्हा नीट समजलं नव्हतं. जोतिबाच्या यात्रेनंतरच्या रविवारी समजलं. घरी मटण होतं, तिखट बेतानं. उजवीकडून चावलं. तुकडा तुटला, बारीक झाला, गिळला, सगळं व्यवस्थित. पण मागच्या दोन दाढांना काही कळत नव्हतं. हातमोजा घालून जॉबवर बोट फिरवावं तसं. पुढच्या उपदाढेला कळत होतं, कारण मूळ तिचं स्वतःचं आहे. त्या दोन मिलिमीटर पट्टीची किंमत मला त्या घासाला कळली. नळी आली तेव्हा मी ती डावीकडं नेली, मग ताटात ठेवली आणि बत्त्यानं फोडली. आई म्हणाली, "एवढं पैसं घालून बत्त्यानंच फोडायची होती व्हय रे?" तिची कवळी वाटीत होती.

आता रात्री ब्रश झाला की छोट्या बाटली-ब्रशसारख्या ब्रशनं इम्प्लांटच्या कडेनं साफ करतो. कीड त्यांना लागत नाही, पण हिरडी सुजली तर खालचं हाड आटतं. सहा महिन्यांनी एक्स-रेला जायचंय. तारीख शॉपच्या कॅलेंडरवर ग्रीसिंगच्या तारखांच्या रांगेतच लिहून ठेवली आहे.

मॅडमनी शेवटी एक कार्ड दिलं. दोन्ही इम्प्लांटच्या डब्यांवरचे स्टिकर त्यावर चिकटवलेले: व्यास, लांबी, लॉट नंबर. पुढं कधी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरकडं जायची वेळ आली, तर आतला स्क्रू कोणत्या कंपनीचा आणि त्याला कोणता पाना लागतो हे कळावं म्हणून. बायको म्हणाली, कपाटात ठेवा. मी ते शॉपमध्ये नेऊन सीएनसीच्या मॅन्युअलच्या फायलीत लावलं, स्पिंडलच्या टेस्ट रिपोर्टच्या मागं.